गाव हललं तरी नाव राहिलं, मग नंबर का जातो?

भिगवणच्या आमच्या घरातला लँडलाइनचा नंबर अम्मीला अजून तोंडपाठ आहे. मामूंचा दुबईहून फोन याच नंबरावर यायचा. चांद दिसल्याची खबर याच नंबरावर यायची. बहिणीच्या निकाहाच्या पत्रिकेवरही हाच छापला होता. गेल्या वर्षी आम्ही ब्रॉडबँडची कंपनी बदलायचं ठरवलं, तेव्हा नव्या कंपनीच्या मुलाला अम्मीने एकच प्रश्न विचारला, "नंबर हाच राहणार ना, बेटा?"

"मोबाइलचा राहतो. याचा नाही राहत, काकू."

असं का, याचं उत्तर टेलिफोनच्या इतिहासात आहे.

1881 मध्ये सरकारने ओरिएंटल टेलिफोन कंपनीला परवाना दिला आणि जानेवारी 1882 मध्ये मुंबई, कलकत्ता व मद्रास इथे एक्सचेंज सुरू झाली. त्या काळी ऑपरेटर हाताने तारा जोडत असे. नंबर हा माणसाचा नव्हता, एक्सचेंजमधल्या तारेचा होता. 1960 मध्ये कानपूर-लखनौ दरम्यान एसटीडी सुरू झालं. पुढे गावोगावी कोड आले. पुण्याचा 020, इंदापूरचा 02111, बारामतीचा 02112. नंबरात आता जागाही शिरली.

1994 च्या दूरसंचार धोरणाने लँडलाइनचं क्षेत्र खासगी कंपन्यांना खुलं झालं. मग 2003 च्या राष्ट्रीय क्रमांक योजनेत कंपन्यांना वेगवेगळे पहिले आकडे मिळाले. बीएसएनएलच्या लँडलाइन नंबराची सुरुवात 2 ने होते, ती म्हणूनच. म्हणजे कोडात गाव आणि पहिल्या आकड्यात कंपनी. असा नंबर दुसऱ्या कंपनीकडे न्यायचा कसा?

मोबाइलचं तसं झालं नाही. देशातला पहिला मोबाइल कॉल 31 जुलै 1995 रोजी झाला. इथे घरापर्यंत येणारी तारच नव्हती. तरीही कंपनी बदलली की नंबर जायचा, आणि त्या भीतीने लोक नको असलेल्या कंपनीकडेच राहायचे. ट्रायने 2009 मध्ये नियम केले. 25 नोव्हेंबर 2010 रोजी हरियाणात आणि 20 जानेवारी 2011 पासून देशभर नंबर कायम ठेवून कंपनी बदलता येऊ लागली. 3 जुलै 2015 पासून दुसऱ्या राज्यात गेलात तरी नंबर सोबत नेता येतो. 1900 वर 'पोर्ट' असा मेसेज पाठवायचा, आलेला कोड नव्या कंपनीला द्यायचा. कोणता नंबर आता कोणाकडे आहे, याची नोंद एका मध्यवर्ती यंत्रणेत राहते. कॉल ती नोंद पाहून जातो, आकडे पाहून नाही.

मग लँडलाइनला हे अशक्य आहे का? अमेरिकेने 1996 च्या दूरसंचार कायद्यातच घरच्या फोनलाही ही सोय दिली. म्हणजे अडचण तारेची नाही, नियमाची आहे.

आमच्या इंदापूर तालुक्याला ही गोष्ट वेगळी समजवावी लागू नये. उजनीचं पाणी आलं तेव्हा इथली गावं उठली. जुनं पळसदेव पाण्यात गेलं. उन्हाळ्यात पाणी फार उतरलं की तिथलं जुनं मंदिर आजही उघडं पडतं. पण नवं गाव दुसरीकडे वसलं, तेव्हा ते पळसदेव म्हणूनच वसलं. जमीन सुटली, घर सुटलं, नाव सोबत गेलं. कारण नाव जमिनीचं नव्हतं, माणसांचं होतं.

नंबराचंही तसंच असायला हवं. म्हाताऱ्या माणसाला, छोट्या दुकानदाराला, गावातल्या डॉक्टरला वर्षानुवर्षं लोक ज्या आकड्यांनी ओळखतात, ते आकडे कंपनीने दिले खरे, पण त्यांना किंमत आली ती वापरणाऱ्यांमुळे.

अम्मीने शेवटी कंपनी बदलू दिली नाही. जुन्याच कंपनीकडे तांब्याच्या तारेऐवजी फायबर मागितलं आणि नंबर तोच राहिला. तुमच्याही घरी लँडलाइन असेल, तर बंद करण्याआधी ही चौकशी जरूर करा. अम्मी खूश आहे. मला मात्र वाटतं, नंबर जाईल या धाकाने केलेली निवड ही निवड नव्हे.