जुन्या किल्ल्यांचा जुडगा

माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत कधी कधी मोडीतले जुने कागद सापडतात. कागद शाबूत असतो, शाईही टिकलेली असते. तरी मोडी वाचणारा भेटेपर्यंत तो जमिनीचा करार आहे की किराण्याची यादी, हे कळत नाही. संगणकाच्या जगात अशी वेळ यायला शतके लागत नाहीत. बिटकॉइन या आभासी चलनाच्या बाबतीत ती सोळा-सतरा वर्षांतच आली.

सातोशी नाकामोतो असे टोपणनाव घेतलेल्या कुणीतरी ३१ ऑक्टोबर २००८ रोजी या चलनाची कल्पना मांडली आणि जानेवारी २००९ मध्ये ते चालवणारे सॉफ्टवेअर खुले केले. ते वापरणाऱ्याच्या संगणकावर 'वॉलेट.डॅट' नावाची फाइल तयार होई. वॉलेट म्हणजे पाकीट. पण हे नाव जरा फसवेच. या पाकिटात पैसे नसतातच. कोणत्या खात्यावर किती नाणी, याची नोंद जगभरच्या संगणकांवर ठेवलेल्या सामायिक खतावणीत असते. फाइलमध्ये असतात त्या ती नाणी खर्च करण्याच्या गुप्त किल्ल्या. फाइल हरवली तरी नाणी खतावणीत दिसत राहतात, फक्त त्यांना हात लावता येत नाही.

सुरुवातीला या फाइलची कुणाला फारशी मातब्बरी वाटत नव्हती. २२ मे २०१० रोजी अमेरिकेतल्या फ्लोरिडात दोन पिझ्झांसाठी १०,००० बिटकॉइन मोजले गेले! फाइलला परवलीचा शब्द लावण्याची सोयसुद्धा २०११ मध्ये आली. शिवाय, जुने सॉफ्टवेअर शंभर किल्ल्या आगाऊ बनवून ठेवी आणि त्या संपत जातील तशा नव्या घडवी. त्यामुळे फार आधी काढलेल्या प्रतीत सगळ्या किल्ल्या असतीलच असे नाही. एकाच बीजातून सगळ्या किल्ल्या काढण्याची पद्धत २०१६ मध्ये सुरू झाली.

खरी अडचण फाइलच्या 'लिपी'ची. ती 'बर्कले डीबी' या साठवण-पद्धतीने लिहिलेली असे. कॅलिफोर्निया विद्यापीठात जन्मलेली ही पद्धत २००६ मध्ये ओरॅकल कंपनीकडे गेली. तिच्या नव्या आवृत्तीत उघडलेली फाइल जुनीला वाचता येईलच याची खात्री नसे. म्हणून बिटकॉइनच्या कार्यकर्त्यांनी ४.८ ही आवृत्ती वर्षानुवर्षे धरून ठेवली. शेवटी २०२१ मध्ये त्यांनी 'एसक्यूलाइट'वर आधारलेले नवे वॉलेट आणले आणि ऑक्टोबर २०२५ मधल्या तिसाव्या आवृत्तीपासून जुनी फाइल थेट उघडणे बंद केले.

मग जुन्या किल्ल्या वाया गेल्या का? नाही. दार बंद करताना त्यांनी एक दुभाषा मागे ठेवला. जुनी लिपी फक्त वाचणारा छोटासा भाग नव्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. 'मायग्रेट' ही आज्ञा दिली की तो जुन्या फाइलमधल्या किल्ल्या नव्या वॉलेटमध्ये उतरवतो आणि जुन्या फाइलची प्रतही राखून ठेवतो.

तरी घाई नको. मूळ फाइल बाजूला ठेवावी, दोन प्रती काढाव्यात आणि प्रतीवरच काम करावे. सॉफ्टवेअर मूळ प्रकाशकांचेच घ्यावे. "फाइल पाठवा, आम्ही काढून देतो," म्हणणाऱ्यांपासून चार हात दूर राहावे. फाइल दिली की तिजोरीच दिली. आणि परवलीचा शब्द विसरला असेल, तर मात्र दुभाषाचाही इलाज चालत नाही.

वस्तू जपणे एवढ्यानेच जतन होत नाही. ती वाचण्याची सोयही जपावी लागते. म्हणून जुनी डिस्क कपाटात ठेवताना सोबत साध्या कागदावर लिहून ठेवा : ही फाइल कशाची, कोणत्या साली, कोणत्या सॉफ्टवेअरची. परवलीचा शब्द त्या कागदावर नको. तो वेगळ्या जागी ठेवा आणि ती जागा घरातल्या एका विश्वासू माणसाला सांगा. पुढे पेटी उघडणारे हात आपले नसतील.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)