माळा, मचाण आणि मेरू

आमच्या गोव्यात सांबराला मेरू म्हणतात. सत्तरीत माझ्या आजोळी मेरवाचा विषय निघाला, की थोरले मामा हटकून एका पहाटेची गोष्ट सांगत. १९६१ च्या मुक्तीच्या आधीची. पौषातली थंडी, कुळथाच्या शेताकडेला आंब्यावर बांधलेला माळा, अंगावर घोंगडी आणि हातात ठासणीची बंदूक. विडी ओढायची नाही, खोकायचे नाही. बंदूक पुन्हा ठासेपर्यंत जनावर पसार होणार, म्हणून ते अगदी जवळ येईपर्यंत बोटे गोठली तरी हलायचे नाही.

माळा मुळात राखणीसाठी. दिवसा पाखरे हाकायची, रात्री डुकरे. पण उंचावर बसले की शिकारही साधते, हे माणसाला फार पूर्वी उमगले. हरणाच्या जातीचे जनावर सहसा वर पाहत नाही. भीती असते ती वासाची. पहाटे थंड हवा डोंगरउतारावरून खाली सरकते, तेव्हा जाणकार माणूस माळा जनावराच्या वाटेच्या खालच्या अंगाला बांधतो.

आमच्या मुलखातल्या शिकारीची नोंदही जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' रचला. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये मृगयेला चांगली ऐसपैस जागा आहे. पाळीव हरीण पुढे करून रानातली हरणे जवळ आणण्याची युक्तीही त्यात येते. गोव्याचे कदंब याच चालुक्यांचे मांडलिक.

पुढे संस्थानी काळात मचाणाला राजेशाही थाट आला. ग्वाल्हेरच्या शिंद्यांचे शिवपुरीचे रान शिकारीसाठीच राखलेले होते. तिथे साहेबलोकांसाठी हाके होत. माणसांची रांग रान उठवी आणि पाहुणा वर आयता बसलेला असे. मामांच्या माळ्यावर हा थाट नव्हता. मेरू पडला तर वाड्यावर घरोघर वाटा जाई, न पडला तर पेज होतीच.

मग काळ फिरला. १९६९ मध्ये मोले अभयारण्य झाले आणि १९७८ मध्ये त्यातल्या १०७ चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला लगाम घातला, १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारही संपली. शिवपुरीच्या त्या रानाचे माधव राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०२५ मध्ये ते व्याघ्र प्रकल्प म्हणून जाहीर झाले.

मी सरकारी कारकून. कायदा योग्यच, असे मी मामांना सांगे. ते वाद घालत नसत. बंदूक गेल्यावरही ते माळ्यावर जात राहिले. आता हातात पत्र्याचा डबा आणि काठी. माझ्या एक गोष्ट उशिरा ध्यानात आली. त्या पहाटेच्या गोष्टीत थंडी, दव, पानांची सळसळ, सगळे तपशीलवार असे. गोळी मात्र एका वाक्यात उरकत.

"आता बरं वाटत असेल ना, मारावं लागत नाही?" मी एकदा विचारले.

मामा म्हणाले, "शेतात आला की शिव्या घालतो रे. पण चार दिवस दिसला नाही, तर मीच उठून बघायला जातो."