पेव, पेटी आणि नाणे

काटकसर हा विषय आपल्याकडे उपदेशाचा मानला जातो, इतिहासाचा नव्हे. जुन्या लुगड्याची गोधडी करावी, उन्हाळ्यात पापड-कुरडया घालून पावसाळ्याची भाजी वाचवावी, ही वचने वडीलधाऱ्या बायकांच्या तोंडून ऐकावयाची आणि विसरून जावयाचे, अशी आपली रीत. स्वाऱ्या आणि तह यांची सनावळी राखणाऱ्यांनी माजघरातल्या उतरंडीची नोंद ठेवली नाही, यात नवल ते काय? परंतु ज्या उतरंडीच्या बळावर घरेच्या घरे दुष्काळातून तरली, तिलाही सनावळी आहे. आणि ती शोधू गेल्यास असे दिसते की, घरातल्या शिलकीचे भवितव्य पुष्कळदा घराबाहेरच ठरत आले आहे. हीच गोष्ट हिंगोली परिसराच्या आधारे वाचकांपुढे मांडण्याचा विचार आहे.

आजचा हिंगोली जिल्हा 1 मे 1999 रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत व औंढा नागनाथ हे त्याचे पाच तालुके. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता. हिंगोलीस हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी होती. 1903 मध्ये ती फौज हिंदी सैन्यात सामील करून घेण्यात आली. जमीन काळी, मुख्य पिके ज्वारी व कापूस, आणि वसमतकडे हळद. निजामाचे राज्य, इंग्रजांची छावणी आणि पैनगंगेपलीकडे वऱ्हाड अशा तिवाट्यावर वसलेल्या या भागाने बचतीचे जवळजवळ सर्व प्रकार पाहिले आहेत.

त्यांपैकी सर्वांत जुना प्रकार पेवाचा. काळ्या जमिनीत पाणी मुरते म्हणून पेव गावच्या उंच व कोरड्या पांढरीत खणावयाचे; तोंड अरुंद, पोट मोठे. आतून कडबा किंवा भुसा यांचा थर द्यावयाचा, उन्हात खडखडीत वाळवलेली ज्वारी भरावयाची आणि तोंडावर दगड ठेवून ते मातीने लिंपून टाकावयाचे. कोंडलेले धान्य आतील प्राणवायू हळूहळू संपविते व त्या जागी कर्बवायू साचतो; त्यामुळे किडा जगत नाही आणि धान्य वर्षानुवर्षे टिकते. शास्त्राची ही परिभाषा आपल्या कुणब्यास ठाऊक नव्हती, पण तिचा परिणाम पक्का ठाऊक होता. पेव उघडल्यावर तत्काळ आत उतरू नये, काही वेळ मोकळे ठेवावे, आत दिवा सोडून पाहावा व तो विझल्यास माघारी फिरावे, हा नियम अनेकांच्या प्राणांची किंमत देऊन शिकलेला आहे. आज आपण एखाद्या गोष्टीचे ‘पेव फुटले’ असे म्हणतो, पण पेव म्हणजे काय हे शहरातल्या मुलास सांगावे लागते.

ज्यास पेव साधत नसे, तो कणगी ठेवी. शेणामातीने सारवलेल्या कणगीत कडुलिंबाचा पाला व राख घालून ज्वारी भरीत. डाळींना एरंडेलाचा हात लावीत. याचा हिशेब मात्र नुसता धान्य न किडण्याचा नाही. आषाढ-श्रावणात ज्याच्या घरी दाणा संपे, त्यास सावकाराकडून वाढी-दिढीने धान्य आणावे लागे. दिढीचा अर्थ उघड आहे: पेरणीच्या वेळी चार मण ज्वारी आणली तर सुगीस सहा मण घालावयाची. म्हणजे ज्या गृहिणीने चार मण धान्य कणगीत राखले, तिने चार नव्हे, सहा मण वाचविले. इतके व्याज तिला कोणतीही पेढी देती ना.

येथे एका जुन्या आक्षेपाचा विचार करणे अवश्य आहे. शेतकरी लग्नकार्यात उधळपट्टी करतो म्हणून कर्जबाजारी होतो, हे विधान गेली दीडशे वर्षे शहाणे लोक करीत आले आहेत. 1875 मध्ये पुणे व नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे झाले, तेव्हा सरकारने नेमलेल्या चौकशी मंडळाने या मताची छाननी केली. लग्नाच्या खर्चास वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले गेले आहे. खरे कर्ज वाढते ते पोटासाठी, बियाण्यासाठी, बैलासाठी आणि सरकारसाऱ्यासाठी वारंवार काढलेल्या लहान लहान रकमांनी, असा त्याचा निष्कर्ष होता. तो ध्यानी घेतला म्हणजे माजघरातील कणगीचे मोल कळते. लग्नाचे कर्ज ती टाळू शकत नव्हती, परंतु आषाढातले पायलीभर कर्ज ती टाळीत होती; आणि घर बुडे ते बहुधा त्या पायलीनेच.

हीच दृष्टी कापडासही लागू होती. लुगडे विरले म्हणजे त्याची गोधडी होई, गोधडी फाटली म्हणजे तिचे तुकडे नव्या गोधडीच्या पोटात जात, आणि अगदी शेवटची चिंधी दिव्याची वात होई. नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नरसी याच जिल्ह्यात आहे. शिंप्याच्या कुळात जन्मलेल्या या संताच्या मुलुखात सुईदोऱ्याचा संसार तुच्छ कसा मानला जाईल?

धान्य व कापड यांची बचत घरातल्या घरात पुरी होत असे. ज्या वर्षी चार पैसे वरकड उरत, त्या वर्षी मात्र त्यांचे काय करावे हा प्रश्न येई. ब्रिटिश हिंदुस्थानात डाकघरातील बचत-पेढ्या 1882 मध्ये सुरू झाल्या, पण निजामी मुलुखातील खेडुताच्या त्या उपयोगाच्या नव्हत्या. म्हणून उरलेला पैसा चांदीच्या रूपाने बायकोच्या अंगावर जाई: पायांत वाळे, हातांत गोठ, कमरेस साखळी. युरोपीय अर्थपंडितांनी या दागिन्यांस ‘निजलेले भांडवल’ म्हणून नावे ठेविली. परंतु जेथे पेढी नाही, तेथे दागिना हीच पेढी. त्यास कुलूप लागत नव्हते, कारकून लागत नव्हता, आणि तो मोडल्यावाचून नवऱ्यास एकाएकी खर्चूनही टाकता येत नव्हता. स्त्रियांच्या हाती राहिलेली बहुधा ही एकच मालमत्ता होती.

या पेढीवर पहिला मोठा घाला 1893 मध्ये पडला, आणि तो चोराने घातला नाही. तोवर ब्रिटिश टांकसाळीत कोणीही चांदी नेऊन द्यावी आणि थोडी मजुरी वजा जाता तिचे रुपये घ्यावेत, असा नियम होता. रुपयाचे वजन एक तोळा. त्यामुळे तोळाभर चांदी आणि रुपया यांच्या किमतींत फारसे अंतर पडत नसे. परंतु 1870 नंतर जगात चांदी स्वस्त होऊ लागली, रुपयाचा विलायती भाव ढासळला, आणि विलायतेस दर साल सोन्याच्या हिशेबाने पैसा पाठविणाऱ्या सरकारची ओढाताण होऊ लागली. तेव्हा सरकारने 1893 मध्ये टांकसाळी खाजगी चांदीस बंद केल्या. रुपया सावरला आणि पुढे सोळा पेन्सांवर स्थिर झाला. चांदी मात्र घसरत गेली. 1899 च्या सुमारास रुपयातील चांदीची खरी किंमत दहा-अकरा आण्यांच्या आसपास होती. ज्या बाईने सोळा आणे देऊन तोळाभर चांदी अंगावर घातली होती, तिच्या पाच-सहा आण्यांची वाट कोणत्याही खर्चावाचून लागली.

आणि नेमका त्याच वेळी, 1899–1900 मध्ये, मराठवाड्यात भयंकर दुष्काळ पडला. दागिने बाजारात एकदम येतात ते अशाच वर्षी. सगळेच विकावयास निघाले म्हणजे भाव आणखी पडतो. सारा व धान्याचे मोल मात्र रुपयांत द्यावयाचे. त्या पिढीतील बायकांनी काटकसर केली नव्हती असे कोण म्हणेल? त्यांनी ती पुरेपूर केली होती. परंतु त्यांच्या शिलकीचे माप दूरच्या कचेरीत बदलले गेले आणि त्याची वार्ताही त्यांच्यापर्यंत पोचली नाही.

पुढे या भागात आगगाडी आली. पूर्णेहून हिंगोलीपर्यंतचा फाटा 1912 च्या सुमारास सुरू झाला. कापसाचा व्यापार वाढला, ज्वारीच्या शेतात कापूस शिरला, आणि दाण्याऐवजी रोकड घरात येऊ लागली. त्यातही नाणी दोन: निजामाचा हाली सिक्का आणि इंग्रजांचा कलदार. विसाव्या शतकात त्यांचा भाव सामान्यतः शंभर कलदारांस एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली, म्हणजे सहास सात, असा राहिला. वऱ्हाडात माहेर आणि हिंगोलीस सासर असलेल्या बाईस बट्ट्याचे हे गणित तोंडपाठ ठेवावेच लागे. 1918 पासून हैदराबादच्या कागदी नोटाही आल्या. पेव भरण्याची गरज कमी होत गेली, पेवे बुजली आणि त्यांच्या जागी पत्र्याची पेटी आली.

1948 नंतर हाली सिक्क्याचे दिवस भरले, पण तो एका रात्रीत गेला नाही. भारतीय रुपया आणि हाली रुपया काही वर्षे शेजारी शेजारी चालले, आणि 1959 मध्ये हाली पुरता मावळला. म्हातारीच्या गाठोड्यातील नाणे बाहेर काढून बदलून घेण्यास तिला उसंत मिळाली. याच्या उलट, 8 नोव्हेंबर 2016 रोजी रात्री आठ वाजता पाचशे व हजार रुपयांच्या नोटा रद्द झाल्याचे जाहीर झाले आणि मध्यरात्रीपासून त्या बाद झाल्या. बँकेत भरण्यास डिसेंबरअखेर मुदत होती, त्यामुळे पैसा सहसा बुडाला नाही. परंतु डाळीच्या डब्यात व साडीच्या घडीत लपविलेली शिल्लक घरोघर नवऱ्या-मुलांपुढे मांडावी लागली. पैशाइतकाच त्या पैशाचा गुप्तपणाही कामाचा होता, आणि तो मात्र परत मिळाला नाही.

तर मग पुन्हा पेवे खणावीत काय? तसे म्हणणे वेडेपणाचे होईल. पेवात ओल शिरत असे, माणसे गुदमरत असत, आणि सलग दोन अवर्षणांपुढे ते रितेच होई. आज खेडोपाडी बँकेचे खाते आहे, बायकांचे बचतगट आहेत, आणि दर महिन्यास ठराविक रक्कम टाकून अडल्या बाईस बेताच्या व्याजाने कर्ज देणारा बचतगट हा एका अर्थी सामाईक कणगीच होय. परंतु इतिहासाचा धडा एवढ्याने संपत नाही. गृहिणी वाचवू शकते ते दाणा, चिंधी आणि पैसा. त्या पैशाचे मोल राखणे तिच्या हाती नाही. ते राज्यकर्त्यांचे काम आहे, आणि 1893 साली ज्यांनी ते केले नाही, त्यांच्या हिशेबाच्या वह्यांत हिंगोलीकडच्या बायकांचे ते पाच-सहा आणे कोठेही खर्ची पडलेले दिसणार नाहीत. घराला काटकसरीचा उपदेश करणाऱ्या प्रत्येकाने तोच उपदेश सरकारच्या दारीही करावा, आणि तेथे तो थोडा मोठ्याने करावा.