खोल जीवावरण वेधन

खोल जीवावरण वेधन म्हणजे जमिनीखाली किंवा समुद्रतळाखाली शेकडो ते हजारो मीटर खोलीवर राहणाऱ्या सूक्ष्मजीवांचा अभ्यास करण्यासाठी केले जाणारे वैज्ञानिक वेधन होय. यात यंत्राने खडकात अथवा गाळात छिद्र पाडून आतील भागाचा दंडगोलाकार नमुना, म्हणजे गाभा, अखंड वर काढतात आणि त्यातील सूक्ष्मजीव मोजतात, ओळखतात व शक्य झाल्यास वाढवून पाहतात. सूर्यप्रकाशापासून तुटलेल्या या सजीवसृष्टीला ‘खोल जीवावरण’ म्हणतात. २०१८ मध्ये ‘डीप कार्बन ऑब्झर्व्हेटरी’ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाने मांडलेल्या अंदाजानुसार खोल जीवावरणात १५ ते २३ अब्ज टन कार्बन आहे. तो पृथ्वीवरील सर्व माणसांच्या शरीरांतील एकूण कार्बनच्या काहीशे पट भरतो.

तेल, कोळसा किंवा पाणी यांसाठी केलेल्या वेधनात छिद्र इच्छित थरापर्यंत पोहोचले की मुख्य काम साधते. येथे तसे नाही. वर आलेल्या गाभ्यात सापडलेला सूक्ष्मजीव खरोखर त्या खोलीवरचाच आहे, वेधनाबरोबर वरून गेलेला नाही, हे सिद्ध करावे लागते. या संशोधनाचा सुमारे शंभर वर्षांचा इतिहास बऱ्याच अंशी याच एका शंकेचा इतिहास आहे.

इतिहास

१९२६ मध्ये शिकागो विद्यापीठातील भूवैज्ञानिक एडसन बॅस्टिन यांनी तेलविहिरींतून येणाऱ्या पाण्यात सल्फेटचे क्षपण करणारे जीवाणू असल्याचे दाखवले. हे जीवाणू तेलाच्या थरातीलच असावेत, असे त्यांचे मत होते. समकालीनांनी ते सहजासहजी मानले नाही. विहीर खणताना वरचे पाणी व माती आत जातातच, तेव्हा जीवाणूही त्यांच्याबरोबर गेले असणार, हा आक्षेप त्या काळच्या साधनांनी खोडता येण्यासारखा नव्हता.

१९५५ मध्ये रिचर्ड मोरिटा व क्लॉड झोबेल यांनी प्रशांत महासागराच्या तळातील गाळाचे नमुने तपासले. ७.४७ मीटरपेक्षा खोल नमुन्यांत त्यांना जीवाणू वाढवता आले नाहीत, म्हणून जीवावरणाची खालची सीमा तेथेच असावी असा निष्कर्ष त्यांनी काढला. प्रयोगशाळेत न वाढणारा जीव अस्तित्वातच नाही, असे गृहीत धरल्याने ही चूक झाली. बहुतेक सूक्ष्मजीव प्रयोगशाळेतील पोषकद्रव्यांवर वाढत नाहीत, हे आज सर्वमान्य आहे.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात चित्र बदलले. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने दक्षिण कॅरोलायनातील सव्हाना रिव्हर येथील अण्वस्त्रनिर्मितीच्या परिसरात वेधन हाती घेतले. भूजलात झिरपलेल्या प्रदूषकांचे खाली काय होते, हे जाणून घेण्याचा त्यामागे हेतू होता. सुमारे ५०० मीटर खोलीपर्यंत विविध जीवाणू आढळले, आणि संदूषण तपासण्याची काटेकोर व्यवस्था असल्याने हा निष्कर्ष टिकला. १९९४ मध्ये जॉन पार्क्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रशांत महासागराच्या तळाखाली ५०० मीटरहून अधिक खोलीवरही जीवाणू असल्याचे दाखवले. २००२ मध्ये ‘जॉइडेस रेझोल्यूशन’ या जहाजावरून पेरूच्या किनाऱ्यालगत आणि विषुववृत्तीय पूर्व प्रशांतात झालेली २०१ क्रमांकाची सफर ही मुख्यतः खोल जीवावरणासाठीच आखलेली पहिली सागरी वेधन मोहीम होती.

संदूषणाचा प्रश्न

वेधनयंत्राचे पाते थंड ठेवण्यासाठी आणि खडकाचा चुरा वर आणण्यासाठी छिद्रात सतत द्रव सोडावा लागतो. समुद्रावर हा द्रव म्हणजे समुद्राचे पाणी किंवा चिकणमाती मिसळलेला दाट वेधन-चिखल असतो. पृष्ठभागालगतच्या समुद्राच्या एका मिलिलीटर पाण्यात साधारणपणे काही लाख सूक्ष्मजीव असतात. उलट फार खोल थरांतील एका घन सेंटिमीटर गाळात दहासुद्धा पेशी नसू शकतात. म्हणजे वरच्या पाण्याचा एक थेंब गाभ्यात मुरला, तरी मूळच्या जीवांपेक्षा पाहुण्यांची संख्या हजारपट होऊ शकते.

यावर उपाय असा, की वेधनद्रवातच खुणेचे रसायन मिसळायचे. त्यासाठी निसर्गात न आढळणारी आणि अत्यल्प प्रमाणातही ओळखता येणारी पर्फ्लुओरोकार्बन संयुगे वापरतात. काही मोहिमांत जीवाणूच्या आकाराचे चमकणारे सूक्ष्म गोळेही गाभा घेण्याच्या नळीत सोडले गेले. गाभा वर आल्यावर त्याचा बाहेरचा भाग तासून टाकतात आणि आतल्या भागात हे रसायन वा गोळे शिरले आहेत का, ते पाहतात. खूण सापडली तर तो नमुना बाद. भेगाळलेल्या खडकात व कोळशात द्रव आतवर शिरत असल्याने असे पुष्कळ नमुने गमवावे लागतात.

एवढ्याने संपत नाही. डीएनए वेगळे काढण्यासाठी वापरली जाणारी रसायनेही पूर्णतः निर्जंतुक नसतात. त्यांतले परके डीएनए विरळ नमुन्यात ठळकपणे उमटतात. म्हणून नमुना न घालता तीच प्रक्रिया करून ‘कोरी चाचणी’ घेतात, आणि वेधनद्रवात व कोऱ्या चाचणीत आढळलेले जीव अंतिम यादीतून वगळतात. शिवाय डीएनए सापडले म्हणजे जीव जिवंत आहे असे नव्हे. २०१० मध्ये दक्षिण प्रशांत महासागरातून काढलेल्या गाळावर युकी मोरोनो व सहकाऱ्यांनी याचे उत्तर शोधले. कार्बन व नायट्रोजनच्या जड समस्थानिकांनी चिन्हांकित केलेले अन्न त्यांनी सूक्ष्मजीवांना दिले आणि ते पेशींत शिरते का हे पाहिले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार १०.१५ कोटी वर्षांपूर्वीच्या गाळातील सूक्ष्मजीवांनीही ते खाल्ले व त्यांची संख्या वाढली.

शिमोकिता व नानकाई

जपानच्या ‘चिक्यू’ या वेधनजहाजाने २०१२ मध्ये शिमोकिता द्वीपकल्पाजवळ समुद्रतळाखाली २,४६६ मीटरपर्यंत वेधन केले. वैज्ञानिक सागरी वेधनातील तो तेव्हाचा विक्रम होता. सुमारे दोन किलोमीटर खोलीवर कोळशाचे थर लागले. त्यांतील जीवाणूंचे गट समुद्रतळावरच्या नेहमीच्या जीवाणूंपेक्षा जंगलातील मातीत राहणाऱ्या गटांशी अधिक मिळतेजुळते निघाले. हा कोळसा दोन कोटींहून अधिक वर्षांपूर्वी किनाऱ्यालगतच्या दलदलीत साचला होता. ती जमीन गाडली गेली, तरी तिच्यातील सजीवांचा वंश मागे उरला असावा, असा याचा अर्थ लावला जातो.

जीवसृष्टी खाली कोठवर जाते, हा प्रश्न मुख्यतः तापमानाचा आहे. प्रयोगशाळेत आजवर १२२ अंश सेल्सिअसपर्यंत एक आर्किया वाढवता आला आहे. मात्र तेथे त्याला भरपूर अन्न मिळते. गाळात अन्नाची वानवा असताना सीमा कोठे असेल? हे पाहण्यासाठी २०१६ मध्ये ‘चिक्यू’वरून ३७० क्रमांकाची मोहीम निघाली. शिकोकू बेटाच्या मुरोतो भूशिराजवळ नानकाई गर्तेत, ४,७७६ मीटर खोल पाण्याखाली, आणखी १,१८० मीटर वेधन करण्यात आले. तेथील कवच तुलनेने तरुण व उष्ण असल्याने एवढ्या खोलीवरच तापमान १२० अंशांच्या आसपास पोहोचते. नमुने हेलिकॉप्टरने कोचीच्या गाभा-संशोधन केंद्रात नेऊन अतिस्वच्छ कक्षात मोजले गेले.

साधी अपेक्षा अशी होती, की तापमान वाढेल तसे जीव कमी होत जातील आणि एका रेषेखाली संपतील. निष्कर्ष, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेले, तसे नव्हते. ४५ अंशांच्या वर सक्रिय पेशींची संख्या जवळपास शंभरपटीने घटली आणि जीवाणूंचे सुप्त अंतर्बीजाणू सक्रिय पेशींच्या ६,००० पटींहून अधिक आढळले. मध्ये एकही पेशी न सापडलेले पट्टे लागले. त्यांतील सर्वांत मोठा १९२ मीटर जाडीचा होता. त्याहून खाली, १०० ते १२० अंशांच्या गाळात, पेशी पुन्हा दिसू लागल्या आणि ॲसिटेटचे विघटन करणाऱ्या अतिउष्णताप्रिय जीवांच्या हालचालीचे समस्थानिकीय पुरावे मिळाले. थंड गाळातील सूक्ष्मजीव अत्यंत संथ जगतात. या उष्ण थरातील जीवांचा चयापचय मात्र वेगवान असल्याचे नंतरच्या मोजणीत आढळले. उष्णतेने पेशींची होणारी मोडतोड सतत दुरुस्त करण्यास ऊर्जा लागते, हे त्याचे कारण मानले जाते.

जमिनीवरील वेधन

जमिनीवर अशा छिद्रांसाठी स्वतंत्र निधी क्वचितच मिळतो. त्यामुळे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांना खाणी आणि इतर कारणांसाठी केलेले वेधन यांचा आधार घ्यावा लागतो. दक्षिण आफ्रिकेतील म्पोनेंग सोन्याच्या खाणीत २.८ किलोमीटर खोलीवर छेदलेल्या भेगेतील पाण्यात ‘डेसल्फोरुडिस ऑडॅक्सव्हिएटर’ हा जीवाणू जवळजवळ एकटाच नांदताना आढळला. युरेनियमच्या किरणोत्सर्गाने पाण्याचे विघटन होऊन सुटणाऱ्या हायड्रोजनवर तो गुजराण करतो.

महाराष्ट्रातील कोयना परिसरातील वेधनही मुळात सूक्ष्मजीवांसाठी नव्हते. १० डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर येथे जलाशयाशी निगडित मानले जाणारे भूकंप दशकानुदशके होत राहिले. त्यांचा उगम जवळून पाहण्यासाठी भारत सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयाने वेधनाचा कार्यक्रम आखला. त्याचे काम कराड येथील प्रयोगशाळेतून चालते. सुमारे दीड किलोमीटरपर्यंतची अनेक शोध-छिद्रे पाडल्यानंतर २०१७ मध्ये तीन किलोमीटर खोलीचे पथदर्शी छिद्र पूर्ण झाले. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा दख्खनचा बेसाल्ट आणि त्याखालचा अब्जावधी वर्षे जुना ग्रॅनाइट, असे दोन्ही खडक एकाच ठिकाणी मिळाल्याने खरगपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी या गाभ्यांतील सूक्ष्मजीवांचा अभ्यास केला. दोन्ही खडकांत जीवाणूंचे डीएनए आढळले. पेशी इतक्या विरळ होत्या, की पुरेसे डीएनए मिळवणे हेच येथील मुख्य आव्हान ठरले.