उन्हात फुलणारा टेकोमा

टेकोमा हे मूळ अमेरिका खंडातील शोभिवंत झुडूप. शास्त्रीय नाव टेकोमा स्टान्स. पाने एल्डर या झुडपासारखी असल्याने त्यास इंग्रजीत 'यलो एल्डर' म्हणतात. खरे एल्डर थंड, ओलसर हवेत वाढते. टेकोमा मात्र छत्रपती संभाजीनगरच्या (औरंगाबाद) कडक उन्हातही घंटेसारख्या पिवळ्या फुलांनी बहरतो. काळ्या जमिनीत पाणी साचते, म्हणून लागवड पावसाळ्याच्या प्रारंभी थोड्या उंचवट्यावर, भरपूर ऊन मिळेल अशा जागी करावी. मुळे धरल्यावर बेताचे पाणी पुरते, हा पाणीटंचाईच्या शहरात मोठाच लाभ. फुले नव्या फुटव्यांवर येतात. त्यामुळे बहर ओसरताच छाटणी करावी. शेंगा तडकण्यापूर्वी काढून टाकाव्यात. अन्यथा पातळ पंखांच्या बिया वाऱ्याने पसरतात आणि मोकळ्या माळावर हेच झुडूप तण ठरते.