पिकअपची उंची : लिफ्ट व लेव्हलिंग किट

मालवाहू पिकअपची चासी कारखान्यातून आलेल्या उंचीपेक्षा वर उचलण्यासाठी बसवायच्या भागांचा संच. चारही चाकांवर गाडी सारखी उचलली तर त्याला लिफ्ट किट म्हणतात. फक्त पुढची बाजू वर घेऊन मागच्या बाजूच्या पातळीत आणली तर ते लेव्हलिंग किट. लेव्हलिंग किटने पुढची बाजू साधारण 25 ते 50 मिमी उचलली जाते. लिफ्ट किट त्याहून बरेच वर जाऊ शकते.

रिकामी पिकअप बाजूने पाहिली तर बहुधा मागून थोडी उंच दिसते. ही चूक नव्हे. हौद्यात माल पडला की मागचे पाटे दबतात आणि गाडी सपाटीला येते, असा हिशेब कंपनीने धरलेला असतो. अमेरिकेत पिकअप मोठ्या प्रमाणावर घरगुती गाडी म्हणून वापरली जाते आणि बहुतेक वेळ रिकामी धावते. तिचा हा पुढे झुकलेला आकार डोळ्यांना खटकतो, शिवाय पुढे मोठे टायर बसवायचे असतात. लेव्हलिंग किटचा जन्म या गरजेतून झाला. आपल्याकडे टोयोटा हायलक्स किंवा इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस घेणारे हौशी लोक तेच किट त्याच कारणासाठी बसवतात. या दोन्ही गाड्यांना पुढे कॉइल स्प्रिंग आणि मागे पाटे असतात.

गंगाखेडमध्ये प्रश्न उलटा आहे. गोदावरीच्या दक्षिण काठावरच्या या तालुक्यात पिकअप म्हणजे बहुतेक करून महिंद्रा बोलेरो किंवा टाटा योद्धा, आणि ती पोटापाण्यासाठी घेतलेली असते. आडतीकडे सोयाबीन, जिनिंगकडे कापूस, परभणी-परळीकडे भाजीपाला, जनावरे, सिमेंट असा माल तिच्यात भरला जातो. तालुक्याचा दक्षिण भाग बालाघाटच्या रांगांत चढतो, उत्तरेकडे नदीकाठची काळी जमीन आहे. एका फेरीत खडी, चढण आणि चिखल असे तिन्ही लागतात. इथला मालक मिस्त्रीकडे येतो तो ‘गाडी मागून बसली’ ही तक्रार घेऊन, आणि त्याला मागची बाजू वर हवी असते. म्हणून बाहेरच्या किटविषयीचा सल्ला गंगाखेडला जसाच्या तसा लागू करू नये. आधी हे ठरवावे की गाडी रिकामी असताना खाली वाटते की भरल्यावर.

मागची बाजू उचलण्याचे मार्ग चार, आणि त्यांचे परिणाम फार वेगवेगळे आहेत. आस आणि पाट्यांच्या मध्ये लोखंडी ठोकळा बसवणे सर्वांत स्वस्त. त्याने उंची वाढते, पण पाट्यांची ताकद तसूभरही वाढत नाही. उलट ब्रेक लावताना आणि वेग घेताना आस पाट्यांना अधिक जोराने पिळते. लांब शॅकल बसवला तर जितकी लांबी वाढवली त्याच्या साधारण निम्मीच उंची मिळते आणि आस किंचित फिरते. त्यामुळे प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसचा कोन बदलतो आणि विशिष्ट वेगाला गाडी थरथरू लागते. तिसरा मार्ग पाट्यांना पुन्हा कमान देण्याचा. हे काम थंड पाट्यावर ठोकून केले तर ठीक. भट्टीत लाल करून वाकवलेला पाटा पुन्हा नीट पाणी देऊन कडक केला नाही, तर काही महिन्यांत परत सपाट होतो, किंवा नको तिथे तुटतो. स्प्रिंगच्या पोलादाचा सगळा गुण त्याला दिलेल्या उष्णतेत असतो. तुटका पाटा लोहाराकडे गेला की त्याचा ऊसतोडीचा कोयता होतो, आणि त्याला धार टिकते तीही याच पोलादामुळे.

चौथा मार्ग पाटा वाढवण्याचा. पाट्यांचा कडकपणा पाट्यांच्या संख्येप्रमाणे वाढतो, पण जाडीच्या घनाप्रमाणे. सारख्या जाडीच्या पाच पाट्यांत तसाच सहावा घातला तर कडकपणा एक-पंचमांशाने वाढतो. पण 8 मिमीच्या पाट्यांऐवजी सगळे 10 मिमीचे घातले तर तो जवळपास दुप्पट होतो. ‘जरा जाड बघून टाका’ असे मिस्त्रीला सहज सांगणाऱ्याने हा हिशेब लक्षात ठेवला पाहिजे. इतका कडक संच भरल्या गाडीला शोभतो. बाजारातून परतताना मात्र हौदा रिकामा असतो. तेव्हा मागची चाके उखडलेल्या डांबरावर उड्या मारतात, जमीन सोडतात, आणि नेमका त्याच क्षणी ब्रेक दाबला तर मागचा भाग बाजूला सरकतो. यासाठी गंगाखेडच्या कामाला हेल्पर पाटा उत्तम, असे स्पष्ट म्हणायला हरकत नाही. तो मुख्य पाट्यांपासून थोडा सुटा राहतो आणि माल पडून गाडी दबल्यावरच टेकतो. रिकामी गाडी मऊ राहते, भरलेली सावरली जाते.

पुढच्या बाजूला कॉइल असेल तर स्प्रिंग-शॉकअपच्या वर चकती बसवतात. दुहेरी विशबोनच्या गाडीत चकतीच्या जाडीच्या साधारण दुप्पट उंची मिळते, कारण स्प्रिंग विशबोनच्या हाताच्या मध्यावर टेकलेली असते. टॉर्शन बार असेल तर बोल्ट फिरवूनच उंची चढते. हे इतके सोपे आहे की त्याचा मोह आवरत नाही. दोन्ही प्रकारांत बॉल जॉइंट नेहमीपेक्षा तिरपे राहतात, चाकांचे कोन बिघडतात आणि व्हील अलाइनमेंट केले नाही तर टायर एका कडेने घासून संपतात.

चिखलासाठी म्हणून उंची वाढवणाऱ्यांची एक मोठी फसगत होते. मागची आस अखंड असते आणि तिच्या मध्यावरचे डिफरन्शियल हाच गाडीचा सर्वांत खालचा भाग असतो. पाटे कितीही चढवले तरी चासी वर जाते, डिफरन्शियल जागचे हलत नाही. ते उचलले जाते फक्त मोठ्या टायरने, तेही व्यासाच्या वाढीच्या निम्मेच. पाणंदीच्या खोल चाकोऱ्यांमधला उंचवटा डिफरन्शियलला टेकला की उंच गाडीही तितकीच अडकते. लिफ्टचा काळ्या मातीतला खरा फायदा दुसराच आहे : टायर आणि मडगार्डमधली जागा वाढते, चिखल तिथे घट्ट भरून चाक जाम होत नाही. मात्र टायरचा व्यास 5 टक्क्यांनी वाढला तर स्पीडोमीटर 60 दाखवताना गाडी 63 ने धावते, आणि चढावर इंजिनाला तेवढाच जास्त जोर लागतो. राज्याने 2021 मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली. शेतापर्यंत पक्का रस्ता पोचला की पिकअपला उंचीची निम्मी गरज उरणार नाही.

उंचीची किंमत वळणावर मोजावी लागते. मागच्या दोन चाकांमध्ये 140 सेंमी अंतर आहे आणि गाडीचा गुरुत्वमध्य 80 सेंमीवर आहे असे धरले, तर ती उलटायला तिच्या वजनाच्या सुमारे 87 टक्के इतका बाजूचा रेटा लागतो. गाडी 8 सेंमी उचलली की हाच आकडा 80 च्या आसपास येतो. त्याच गाडीवर कापूस रचून गुरुत्वमध्य 120 सेंमीवर नेला, तर 58 टक्केच उरतात. म्हणजे किटपेक्षा मालाची रचना जास्त धोकादायक, आणि दोन्ही एकत्र आले तर घाटाच्या वळणाला जागाच राहत नाही. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला निघालेल्या टोळ्यांची बायकामुले संसारासकट अशा हौद्यात बसतात. पाटे चढवलेल्या गाडीत माणसे भरू नयेत. मालाच्या गाडीत ती मुळात बसवू नयेतच, कायदाही ते मान्य करत नाही.

ब्रेकची एक बाजू फारशी कोणी पाहत नाही. अनेक पिकअपमध्ये मागच्या आसेपाशी एलएसपीव्ही नावाची झडप असते. चासी आणि आस यांच्यातले अंतर पाहून ती भाराचा अंदाज घेते : अंतर कमी म्हणजे माल जास्त, म्हणून मागच्या ब्रेकला दाब जास्त. ठोकळा किंवा कडक पाटे बसवल्यावर भरलेली गाडीही या झडपेला रिकामी भासते आणि मागचा ब्रेक कमी लागतो. तिचा दांडा नव्या उंचीप्रमाणे जुळवून घेतलाच पाहिजे. हेडलाइटचा झोतही त्याच दिवशी सेट करावा. नाहीतर समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात.

निवड करताना टेप आणि भुईकाटा पुरतात. सपाट सिमेंटवर गाडी उभी करून प्रत्येक चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे, रिकामी असताना आणि नेहमीचा माल भरून. मग काट्यावर फक्त मागची चाके चढवून मागच्या आसेचे वजन घ्यावे. ते पासिंगच्या मर्यादेत असूनही गाडी बसत असेल तर पाटे थकले आहेत, ते मूळ मापाचे नवे घालावेत. वजनच मर्यादेबाहेर असेल तर कुठलेही किट उपाय नाही. पाटा वाढवला म्हणून आस, बेअरिंग, टायर आणि ब्रेक यांची क्षमता वाढत नाही. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर जादा भारासाठी दंड 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000 रुपये आहे.

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे नोंदणी पुस्तकातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाहून वेगळा पडेल असा फेरबदल मालकाला करता येत नाही. 9 जानेवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयानेही तसाच निर्वाळा दिला. कलम 182-अ खाली बेकायदा फेरबदलासाठी प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. थकलेले पाटे मूळ मापाने बदलणे ही दुरुस्ती आहे. ठोकळ्यांवर गाडी चढवणे हा फेरबदल आहे. अपघातानंतर विमा कंपनी हाच फरक काढून बसते. हेल्पर पाटाही कंपनीने त्या मॉडेलला मान्य केलेलाच घ्यावा आणि परभणीच्या परिवहन कार्यालयात आधी विचारून घ्यावे.

काम झाल्यावर पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळावे लागतात, कारण नवे पाटे एकमेकांवर बसतात आणि पकड सैल होते. पावसाळ्यात पाट्यांमध्ये शिरलेला चिखल उन्हाने वाळला की गाडी करकरते. तेव्हा धुवून ग्रीस द्यावे. दोन पाट्यांच्या मध्ये तांबूस भुकटीची रेघ दिसली तर तिथे घासण चालू आहे. गाडी सरळ रस्त्यावर तिरकी चालू लागली तर सेंटर बोल्ट तुटून आस सरकली असण्याची शक्यता मोठी, आणि तशी गाडी पुढच्या गावापर्यंतही नेऊ नये. फिटनेसच्या दिवसापुरते ठोकळे काढून पुन्हा बसवण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. त्यात दर वेळी तेच यू-बोल्ट वापरले जातात. एकदा ताणून आवळलेल्या यू-बोल्टचे आटे पुन्हा पहिल्यासारखी पकड देत नाहीत, म्हणून आस सोडली की यू-बोल्ट नट-वॉशरसह नवेच घ्यावेत.