शुक्राच्या वेधापासून कळंब्याच्या पाखरांपर्यंत

मार्गशीर्ष-पौषाच्या दिवसांत सूर्योदयाच्या सुमारास कळंबा तलावाच्या बांधावर फिरावयास जाणाऱ्यास अलीकडे कधीमधी असे दृश्य दिसते, की शनीची कडी आणि चंद्रावरील विवरे पाहण्यासाठी म्हणून कोणी हौसेने घेतलेली लहानशी दुर्बीण तिपाईवर आडवी केलेली आहे, तिच्या नेत्रभिंगाच्या जागी कॅमेरा चढविला आहे, आणि तिचा धनी दूर पाण्यावर विहरणाऱ्या वारकरी पाखरांची किंवा हळदीकुंकू बदकांची छायाचित्रे घेण्यात गढून गेला आहे. पाहणाऱ्याची प्रथम समजूत अशी होते, की पक्ष्यांच्या छायाचित्रणासाठी लागणारी लांब पल्ल्याची भिंगे सामान्य प्रापंचिकाच्या आटोक्याबाहेरची असल्यामुळे केलेली ही काटकसरीची तजवीज आहे. ही समजूत अगदीच निराधार नाही, कारण अशा भिंगाच्या किमतीचा एक अल्प अंश खर्चून लहान दुर्बीण मिळते. तथापि केवळ काटकसर म्हणून या प्रकाराची बोळवण करणे मला मान्य नाही. आकाशाचा वेध घेण्याची विद्या आणि पक्ष्याची प्रतिमा घेण्याची विद्या यांचा नातेसंबंध जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी जुळलेला आहे, आणि त्या घराण्याची एक शाखा थेट आमच्या कोल्हापुरात येऊन पोहोचली आहे.

पक्ष्यांच्या छायाचित्रणाचे एक कुळ उघडउघड शिकाऱ्याचे आहे. ज्या कोल्हापूर संस्थानात हरणांच्या शिकारीसाठी चित्ते पाळण्यात येत आणि दाजीपूरचे रान दरबारच्या शिकारीसाठी राखलेले असे, त्या मुलखाला शिकाऱ्याची रीत समजावून सांगण्याची गरज नाही: लपावे, सरपटावे, अंतर कमी करावे आणि नेम साधावा. इंग्लंडातील रिचर्ड आणि चेरी कीर्टन या बंधूंनी १८९२ साली एका घरट्याचे छायाचित्र घेऊन जो उद्योग आरंभिला, त्यात पुढे त्यांनी बैलाचे कातडे मढवून पोकळ सांगाडा तयार केला आणि त्याच्या पोटात बसून पाखरांच्या निकट जाण्याचाही प्रयोग केला. त्यांच्या चिकाटीविषयी मला नितांत आदर आहे, परंतु त्या चिकाटीचा सारा रोख जवळ जाण्याकडे होता. खगोलवेत्त्याला ती सोयच नसते. ज्याच्याजवळ आपण कधीही जाऊ शकणार नाही, त्याचे रूप जागच्या जागी उभे राहून निरखावयाचे, हा त्याच्या विद्येचा पहिला पाठ होय.

या दुसऱ्या कुळाचा मूळपुरुष म्हणून फ्रेंच ज्योतिर्विद ज्यूल जान्सेन याचे नाव घ्यावे लागेल. १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी हा गृहस्थ हिंदुस्थानात आला होता आणि आंध्रातील गुंटूर येथे त्याने मुक्काम ठोकला होता. पुढे १८७४ च्या डिसेंबरात शुक्र सूर्यबिंबावरून जाणार होता, तेव्हा शुक्राचा ठिपका सूर्याच्या कडेला नेमका कोणत्या क्षणी स्पर्श करतो हे डोळ्याच्या भरवशावर ठरविण्यात चूक होते हे जाणून, त्याने कोल्टच्या पिस्तुलातील फिरत्या चक्राची युक्ती उचलली आणि एकाच वाटोळ्या तबकडीवर ७२ सेकंदांत ओळीने ४८ प्रतिमा उमटविणारे यंत्र सिद्ध करून ते जपानात नागासाकीस नेले. शुक्राचे काम आटोपल्यावर, १८७६ साली, याच साधनाने पशूंच्या चालीचा आणि विशेषतः पक्ष्यांच्या उड्डाणाचा अभ्यास करता येईल अशी सूचना त्याने स्वतःच केली. ग्रहाच्या गतीसाठी घडविलेल्या यंत्राकडे पाहताना त्याच्या निर्मात्याला पाखराचा पंख आठवावा, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

ती सूचना वाया गेली नाही. एत्येन-ज्यूल मारे या शरीरशास्त्रज्ञाने १८८२ साली जान्सेनच्या यंत्रावरून खांद्याला लावावयाची एक छायाचित्र-बंदूक तयार केली आणि नेपल्सच्या समुद्रकिनाऱ्यावर उडत्या पाखरांवर ती रोखून सेकंदाला १२ प्रतिमा घेतल्या. आकार बंदुकीचा, यंत्रणा ज्योतिर्विदाची आणि लक्ष्य पाखरू, अशा रीतीने दोन्ही कुळे येथे एकत्र आली. मारेच्या या खटपटींतून चलच्चित्रणाचा मार्ग मोकळा झाला, आणि १८९५ साली ल्यूमिएर बंधूंनी पॅरिसात दाखविलेली हलती चित्रे पुढच्याच वर्षी मुंबईकरांनी पाहिली.

आकाशाच्या छायाचित्रणाचा सरंजाम आपल्या मुलखातही याच काळात अवतरला. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी सर नॉर्मन लॉक्यर यांनी विजयदुर्गावर तळ दिला. त्या वेळी बांधलेले ‘साहेबांचे कट्टे’ किल्ल्यात आजही दाखवितात. त्याच दिवशी पुण्याच्या सायन्स कॉलेजातील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे आपली उपकरणे मांडली आणि खग्रास स्थितीच्या जेमतेम दोन मिनिटांच्या अवधीत सूर्याच्या कडेच्या वर्णपटाची छायाचित्रे मिळविली. पुण्यात त्यांच्या स्वाधीन असलेल्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेत २० इंची आरशाची दुर्बीण होती. ते निवृत्त होताच, १९१२ साली, ती वेधशाळा बंद करून दुर्बीण कोडाईकनालला रवाना करण्यात आली. ही हानी महाराष्ट्राने अद्याप पुरती ओळखलेली नाही असे माझे मत आहे. ज्या करमाळे तालुक्यात जेऊर आहे, त्याच्या कडेने आता उजनी धरणाचे पाणी पसरले असून, भिगवणच्या बाजूस उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांची छायाचित्रे घेण्यासाठी हिवाळ्यात माणसांची रीघ लागते.

आता कोल्हापूरच्या शाखेकडे वळू. दादासाहेब फाळक्यांचा चित्रपट पाहून आनंदराव आणि बाबुराव पेंटर या दोघांनी स्वतःचा कॅमेरा बनविण्याचा ध्यास घेतला. १९१६ साली आनंदराव निवर्तले, तरी बाबुरावांनी तो ध्यास सोडला नाही. विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून त्यांनी १९१८ च्या सुमारास तो कॅमेरा पुरा केला आणि त्यावर चित्रित झालेला ‘सैरंध्री’ १९२० साली पुण्यात झळकला. परदेशी कॅमेऱ्याची घडण जाणून घेऊन, दातेरी चक्रे कातून, फीत नेमकी एका चौकटीएवढी सरकून क्षणभर स्थिर राहील अशी योजना आपल्या हातांनी साधणे हे काम किती बारकाईचे आहे, हे लेथवर काम केलेल्या माणसासच कळेल. खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभाजवळून जाताना मला नेहमी असे वाटते, की नागासाकीतील शुक्र, नेपल्सची पाखरे आणि बाबुरावांची सैरंध्री ही एकाच वंशवृक्षावर मांडता येतील.

दुर्बिणीची स्वतःची हकीकत मात्र निराळी आहे. साध्या भिंगातून तांबडा आणि निळा प्रकाश एकाच ठिकाणी एकवटत नाही. म्हणून काळसर पाण्यापुढे उभ्या असलेल्या शुभ्र बगळ्याच्या पाठीला जांभळी किनार उमटते, आणि ताऱ्याभोवती जी चालवून घेता येते ती बगळ्याच्या पिसांवर मुळीच खपत नाही. दोन जातींच्या काचा जोडून हा दोष बराचसा निवारणाऱ्या भिंगाचे पेटंट जॉन डॉलंडने १७५८ साली घेतले. त्याचा उरलासुरला अंश नाहीसा करणाऱ्या विशेष काचेच्या ८० मिलिमीटर व्यासाच्या दुर्बिणी सामान्य हौशी माणसाला परवडू लागल्या त्या एकविसाव्या शतकात. दुसरा मार्ग आरशाचा. दिमित्री माक्सुतोव या रशियन शास्त्रज्ञाने ऐन महायुद्धात, १९४१ साली, पुढे एक जाड वक्र काच आणि मागे आरसा अशी रचना योजिली. तिच्या आधारे अमेरिकेत लॉरेन्स ब्रेमर यांनी १९५४ पासून ‘क्वेस्टार’ नावाची साडेतीन इंची दुर्बीण विकावयास काढली. मीटरभराहून अधिक नाभीय अंतर वीतभर नळीत घडी घालून बसविणारी ही दुर्बीण रात्री ग्रहांवर आणि दिवसा पाखरांवर सारख्याच सहजतेने चाले. तिच्यात रंगाची किनार नाही. परंतु मधल्या लहान आरशाच्या अडसरामुळे पाखरामागच्या पाण्यावरील प्रत्येक चकाकीचे पोकळ वर्तुळ बनते, आणि रंकाळ्याच्या लाटांवर अशी शेकडो वर्तुळे उमटली म्हणजे डोळ्याला ती बोचतात. या कारणास्तव माझा कौल भिंगाच्या दुर्बिणीला आहे.

१९९९ साली मलेशियातील लॉरेन्स पो या पक्षीनिरीक्षकाने निकॉनचा छोटा डिजिटल कॅमेरा दुर्बिणीच्या नेत्रभिंगाला भिडवून छायाचित्रे घेतली आणि ही रीत जगभर पसरली. हल्ली मोबाइल फोनही तसाच भिडवितात. मात्र कॅमेऱ्याचे स्वतःचे भिंग काढून त्याची बॉडी थेट दुर्बिणीच्या नळीला जोडली तर मध्ये काच कमी येते आणि चित्र अधिक स्वच्छ उतरते. ६०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीतून ३० मीटरवरच्या खंड्याची प्रतिमा कॅमेऱ्याच्या पटलावर साडेपाच मिलिमीटरांची पडते, म्हणजे चोच, डोळा आणि छातीवरचा पांढरा पट्टा निरनिराळे ओळखता येतात. त्या अंतरावर स्पष्टतेची खोली हातभराहून फारशी अधिक नसल्यामुळे खंड्याने फांदी बदलली तरी चाक पुन्हा फिरवावे लागते, आणि ते हातानेच, कारण ही नळी स्वयंचलित कॅमेऱ्याची कोणतीही आज्ञा मानीत नाही. उन्हे चढली, की तापलेल्या बांधावरची हवा थरथरू लागते आणि दूरचा पक्षी वितळल्यागत दिसतो. त्यावर कोणत्याही किमतीच्या काचेपाशी उपाय नाही. म्हणून काम सकाळी आठ-साडेआठच्या आत उरकावे लागते. एवढे सोसूनही जे पदरात पडते त्याचे मोल मी अधिक समजतो, कारण माणूस इतक्या दूर असतो की पाखराला त्याची दखल घेण्याचे कारण पडत नाही. वारकरी बुडी मारतो, वर येतो, शेजाऱ्याशी भांडतो, आणि चित्रात त्याची मान बावरून आपल्याकडे वळलेली नसते.

दुर्बीण आणि कॅमेरा यांना सांधणाऱ्या कडीवाचून यातले काहीच होत नाही, आणि ती कडी कोल्हापुरात मिळणे कधीच अवघड नव्हते. ज्या शहराच्या उद्यमनगरात ऑइल इंजिनांचे सुटे भाग पिढ्यान्‌पिढ्या कातले गेले, तेथील टर्नरला ॲल्युमिनियमच्या गोल बारातून असली कडी काढून देणे अवघड नाही. त्याला एकच गोष्ट बजावून सांगावी. टॅमरॉन कंपनीने १९५७ साली रूढ केलेल्या या जोडणीचा व्यास ४२ मिलिमीटर आणि आट्यांचे अंतर पाऊण मिलिमीटर आहे. जुन्या स्क्रू-माउंट कॅमेऱ्यांचाही व्यास ४२ च, परंतु त्यांचे आटे एक मिलिमीटरचे. चुकीची कडी पहिल्या फेऱ्याला सरळ चढते आणि दुसऱ्या-तिसऱ्या फेऱ्याला आवळून बसते. जोर केल्यास ॲल्युमिनियमचे आटे सोलून निघतात. म्हणून नमुन्याची कडी सोबत न्यावी आणि हत्यार लावण्यापूर्वी टर्नरला तिच्यावर पिच गेज धरून पाहावयास सांगावे.